हिशेबातले ग्रह, आकाशातले ग्रह



जर्मनीत स्टुटगार्ट शहराच्या उत्तरेला त्सुफेनहाउझेन हा भाग आहे. पोर्शे मोटारींचा कारखाना तिथलाच. पण आज आम्ही मोटारींची नव्हे, ग्रहांची गोष्ट सांगणार आहोत. त्सुफेनहाउझेनच्या स्टेशनातून जाणाऱ्या ‘एस ६’ लोकलचे शेवटचे स्टेशन म्हणजे वाइल डेर श्टाट. त्या गावी २७ डिसेंबर १५७१ रोजी योहानेस केप्लर हा थोर खगोलशास्त्रज्ञ जन्मला.

त्याच्या काळी पृथ्वी धरून सहाच ग्रह ठाऊक होते. मंगळ आणि गुरू यांच्यामधली जागा केप्लरला फारच मोठी वाटली. म्हणून त्याने तिथे एक न दिसणारा ग्रह कल्पून पाहिला, आणि बुध-शुक्राच्या मध्ये दुसरा. तरी हिशेब जुळेना! मग त्याने दोन्ही ग्रह सोडून दिले आणि १५९६ च्या आपल्या पुस्तकात तसे मोकळेपणाने लिहिले. पुढे १८०१ साली मंगळ-गुरूच्या मध्ये सिरीस सापडला, पण तो अगदी लहान. आज त्याला बटुग्रह म्हणतात. बुध-शुक्राच्या मध्ये मात्र काहीच निघाले नाही.

फ्रान्सच्या ल व्हेरिएचे वेगळे झाले. युरेनसची चाल चुकते हे पाहून त्याने कागदावर गणित मांडले, आणि १८४६ साली बर्लिनच्या दुर्बिणीतून नेपच्यून सांगितलेल्या जागेजवळच दिसला. बुधाची चालही जराशी चुकत होती. म्हणून १८५९ साली त्याने सूर्याजवळ आणखी काही असावे असे सांगितले. त्या ग्रहाचे नाव ‘व्हल्कन’ पडले. कित्येकांनी शोधला, ग्रहणाच्या अंधारातही शोधला. ल व्हेरिए १८७७ साली वारला, तोवर त्याला तो असल्याची खात्रीच होती.

कोडे सोडवले ते अल्बर्ट आइनस्टाइन यांनी. स्टुटगार्टपासून फार लांब नसलेल्या उल्म गावी, एका यहुदी घरात, १८७९ साली त्यांचा जन्म झाला. बुधाच्या चालीतला फरक किती? शंभर वर्षांत एका अंशाचा सुमारे चौऱ्याऐंशीवा भाग, बस्स! १९१५ साली त्यांनी दाखवले की हे कुठल्या ग्रहामुळे नाही. सूर्याजवळ गुरुत्वाकर्षणच न्यूटनच्या नियमापेक्षा किंचित वेगळे वागते. व्हल्कनची गरजच संपली.

म्हणजे बघा, एकाच माणसाची तीच रीत एकदा खरी ठरली, एकदा खोटी. २०१६ साली बाटिगिन आणि ब्राउन या दोन शास्त्रज्ञांनी नेपच्यूनच्या पलीकडे नववा ग्रह असावा असे मांडले. अजून तो कोणाला दिसलेला नाही. तेव्हा मुलांनो, कोणी नवा ग्रह सांगितला की दोन प्रश्न जरूर विचारा, बरं का: हिशेब कोणता, आणि पाहिला कोणी?