देवडीतली चोरवाट

आमच्या कॉलेजात इंटरनेटचा रस्ता ‘प्रॉक्सी’ नावाच्या देवडीतून जातो. कोण कुठे निघाला, ते पहारेकरी टिपतो. पण तिथूनही चोरवाट काढणारे बहाद्दर असतातच! १९९५ साली फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी पासवर्डचोरी रोखायला ‘एसएसएच’ रचले. त्याच्याच बंद पाकिटात लपून ही मंडळी बँकव्यवहारांसाठी उघड्या ठेवलेल्या ४४३ क्रमांकाच्या दाराने निसटतात. पाकिटातला मजकूर वाचता येत नाही. पण एसएसएचची पहिली ओळ उघडीच असते, शिवाय जोडणी तासन्‌तास एकाच पत्त्याशी चालते. तेवढ्यावरून पहारेकरी दार लावतो. मात्र चोरपाकिटाने बँकेच्या पाकिटाचाच वेष घेतला, तर खात्री करायला सर्वांचीच पाकिटे फोडावी लागतात, तुमच्या बँकेचेसुद्धा! म्हणून माझे म्हणणे एवढेच : पहारेकरी काय काय वाचतो, हे देवडीवर आधी लिहून लावावे.