पत्ता : बेळगाव सेंटर

वहिनी नवऱ्याचं नाव घेईनात, आणि मला तर अंतर्देशीय पत्रावर पत्ता लिहायचा होता. मी पाचवीत होतो. त्यांचं लग्न होऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि दादा फौजेत भरती होऊन बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरला गेले होते. शेवटी सासऱ्यांनी ओट्यावरूनच नाव सांगितलं. नंबर आणि कंपनी दादांच्या आलेल्या पत्रावरून उतरवून घेतली.

मग मजकूर. पत्रास कारण की, घरी सर्व खुशाल आहेत, म्हैस आटली, उसाला पाणी मिळालं. सासरे पुढ्यात बसलेले, त्यामुळे वहिनी एवढंच सांगत होत्या. ते गोठ्याकडे गेल्यावर त्यांनी पत्राच्या घडीवरच्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. ‘‘इथं लिही. जाताना लावलेली शेवग्याची फांदी फुटली म्हणावं.’’ मी लिहिलं. पुढे सातव्या महिन्यात त्यांची ओटी भरली, तेव्हा कुठे मला त्या ओळीचा अर्थ लागला.

दुसऱ्याच्या हातानं लिहायचं आणि तिसऱ्याच्या डोळ्यांदेखत बोलायचं, ही फौजी घरांची रीत फार जुनी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी सैनिकांची पत्रं ब्रिटिश सेन्सॉर उघडून वाचत. त्यांचे इंग्रजीत केलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत. पत्र वाचलं जाणार हे शिपायांना माहीत होतं, म्हणून ते आडून लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, तांबडी मिरची म्हणजे गोरे. ती मिरी आणि वहिनींचा शेवगा मला एकाच कुळातले वाटतात.

आता आमच्या वडगाव निंबाळकर परिसरातली पोरं अग्निवीर म्हणून जातात. 2022 पासून भरतीची ही पद्धत आहे. भरती होताना मुलगा अविवाहित असावा लागतो आणि चार वर्षांच्या सेवेत त्याला लग्न करता येत नाही. म्हणजे सेंटरला पत्र लिहिणारी आता बायको नसते. लग्न ठरलेली किंवा मनात ठरवलेली मुलगी असते, नाहीतर आई, बहीण. पायदळातल्या अग्निवीराचं प्रशिक्षण 31 आठवड्यांचं, त्यातले पहिले 10 मूलभूत शिक्षणाचे. मोबाइल जमा असतो आणि ठराविक वेळीच हातात मिळतो. त्या पाच-दहा मिनिटांत रांगेतला पुढचा गडी पाठीशी उभा असतो. ‘जेवलास का’ विचारून होईतो वेळ संपते. पत्राला मागे कुणी उभं नसतं. शिक्षेचा रगडा खाऊन अंग मोडून आलेला पोरगा ते रात्री वाचतो, उशाखाली ठेवतो आणि रविवारी पुन्हा काढतो. फोन असा पुन्हा काढता येत नाही. म्हणून मी आग्रहानं सांगतो, फोन होत असला तरी पत्र लिहा.

पत्ता मात्र नीट हवा. नंबर, नाव, कंपनी, प्लाटून आणि मग मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर, बेळगाव. कुणाचं सेंटर खडकीला असेल, कुणाचं नाशिक रोडला किंवा नगरला. एका सेंटरात एकाच नावाचे चार-चार शिंदे नि जाधव असतात, तिथे पत्र पोहोचवतो तो नंबर. ट्रेनिंग संपवून पोरगा युनिटला गेला की पत्त्यातलं गाव जातं आणि ‘द्वारा 56 एपीओ’ किंवा ‘द्वारा 99 एपीओ’ (फौजी टपाल कार्यालय) येतं, सोबत नवानं सुरू होणारा पिनकोड. तो कुठे आहे हे पाकिटावरून कुणाला कळू नये, हाच त्यातला हेतू. तेव्हा आपणही पाकिटावर ठिकाण लिहू नये.

आणि लिहायचं काय? ‘तुझी फार आठवण येते’ एका ओळीत लिहा. मग कालव्याचं आवर्तन कधी सुटलं, सोमेश्वर कारखान्याची तोड आपल्या फडात कधी आली, त्याच्या सायकलवर आता कोण फिरतं, ते लिहा. त्याला घर दिसलं पाहिजे. आजारपण लपवू नका. बाहेरून कानावर आलं तर पुढच्या प्रत्येक ‘खुशाल आहे’वर तो संशय घेईल. पण दवाखाना, औषध, आता उतार कसा आहे, हे सगळं त्याच पत्रात सांगा, अर्धवट बातमी नको. प्रत्येक पत्राला तारीख आणि क्रमांक घाला. दोन पत्रं मागेपुढे पोहोचली तरी गोंधळ होत नाही.

उत्तर आलं नाही म्हणून रुसू नका. पहिल्या महिन्यात त्याला बूट पॉलिश करून पाठ टेकायलाही वेळ पुरत नाही. पत्ता कळेल त्याच रात्री पहिलं पत्र लिहा आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता दुसरं टाका.