घर मोडताना फर्मचा कागदही मोडा

दोन भागीदार वेगळे होतात तेव्हा आम्ही व्यापारी किती काळजी घेतो! गोदामातले थान मोजतो, उधारी-उसनवारी उतरवून घेतो, बँकेला कळवतो आणि मगच सह्या करतो. पण तेच व्यापारी घरातला निकाह मोडताना चार माणसे बसवतात, अर्ध्या पानावर मजकूर लिहितात आणि मोकळे होतात. अशा एका अर्ध्या पानावर पंच म्हणून आमचीही सही आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

कोर्टात न जाता वेगळे होता येते का, असे पुष्कळ लोक विचारतात. येते. 1937 च्या शरीयत कायद्यात खुला आणि मुबारात यांची नावे घालून नोंद आहे. बायकोने मागितला आणि नवऱ्याने कबूल केला तो खुला. दोघांनाही नको आहे, म्हणून दोघांनी मिळून तोडला तो मुबारात. मात्र एका दमात तीन तलाक लिहून पाठवण्याच्या फंदात कोणी पडू नये. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. 2019 च्या कायद्याने तो गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्यांचे लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली झाले आहे त्यांना कोर्टाखेरीज मार्ग नाही. नवरा अडून बसला तर बाईला 1939 च्या कायद्याने कोर्टात दाद मागता येते. काझीसाहेबांनी किंवा दारुल कजाने दिलेला निर्णय समेटाला उपयोगी पडतो, पण कायद्याने तो कोणावर बंधनकारक नाही, हे 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. म्हणून जे ठरेल ते दोघांच्या सहीने, साक्षीदारांसमोर, नीट लिहून ठेवले पाहिजे.

आता मालमत्ता. लग्न झाले म्हणजे नवऱ्याच्या कमाईत बायकोचा निम्मा वाटा, असा कायदा आपल्या महाराष्ट्रात नाही. ज्याच्या नावावर जे आहे ते त्याचे. वीस वर्षे घर सांभाळून, मागावर बसणाऱ्या कामगारांचे डबे करून, हिशेबाच्या वह्या लिहून बाई निघते तेव्हा तिच्या नावावर काही नसेल तर हाती काही येत नाही. म्हणूनच तिचे जे हक्काचे आहे ते तरी पुरते मोजून द्यावे. 1986 च्या कायद्याप्रमाणे तलाक झालेल्या बाईला मेहेर मिळाला पाहिजे. लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी, मित्रमंडळींनी किंवा खुद्द नवऱ्याने दिलेल्या वस्तू मिळाल्या पाहिजेत. शिवाय वाजवी तरतूदही मिळाली पाहिजे. ही तरतूद इद्दतीच्या मुदतीत करायची असली तरी ती इद्दतीपुरती नाही, पुढच्या आयुष्याची आहे, असा निकाल 2001 साली लागला. 2024 साली तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फौजदारी कायद्याखाली पोटगी मागायची वाटही तिला खुली आहे. तेव्हा दहा हजार रुपये हातावर ठेवून ‘पुढे काही मागणार नाही’ असे लिहून घेणाऱ्यांनी त्या ओळीवर फार भिस्त ठेवू नये.

मेहेरबद्दल एक गंमत सांगतो. आमची शाळा उर्दू, त्यामुळे ती चटकन ध्यानात येते. तात्काळ द्यायचा मेहेर आणि मागाहून द्यायचा मेहेर, या दोहोंचे नाव कानाला एकच, ‘मुअज्जल’. उर्दूत एक ऐनने लिहितात आणि दुसरा हम्जाने. निकाहनामा मराठीत उतरवला की हा फरक पुसला जातो आणि मग भांडण सुरू होते, ‘तो कधीच दिला’ विरुद्ध ‘तो द्यायचाच होता’. मूळ निकाहनामा समोर ठेवूनच बसावे. मागाहून द्यायचा मेहेर हे कर्ज आहे. निकाह तुटल्यापासून तीन वर्षांत ते वसूल करण्याचा दावा लावता येतो.

खुलामध्ये बाई मेहेर सोडते, अशी रीत आहे. पण पंच मंडळी मेहेरबरोबर तिचे दागिने, कपाट, शिलाई मशीनसुद्धा ‘माफ’ करून घेतात. हे आम्हांला पटत नाही. दागिने बापाने दिलेले असतील तर ते नवऱ्याने दिलेले नव्हेत, मग ते परत करायचा प्रश्नच कुठे येतो? वस्तूंची यादी करावी, सोन्याचे वजन ग्रॅममध्ये लिहावे, आणि ताबा दिल्या-घेतल्याची सही त्याच दिवशी घ्यावी.

घर किंवा गाळा द्यायचा ठरला तर साध्या कागदावर भागत नाही. महाराष्ट्रात 2015 पासून राहते घर किंवा शेतजमीन नवऱ्याने बायकोला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, अधिभार व नोंदणीचा खर्च वेगळा. पण ही सवलत बायकोला आहे, माजी बायकोला नाही. बक्षीसपत्राची नोंदणी आधी करा, मुबारातवर सह्या मागाहून करा. क्रम उलटला की विक्रीच्या दराने शुल्क भरावे लागण्याची पाळी येते. घरावर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती हवी. दोघे कर्जदार असतील तर निकाह तुटला म्हणून बँक कोणाला सोडत नाही. विमा, बँक खाते यांवरचे वारस-नामांकनही बदलून घ्यावे. मुलांचा ताबा व खर्च लिहावा, पण मुलांच्या हिताचा शेवटचा शब्द कोर्टाचाच असतो.

आता आमच्या सहीबद्दल. भिवंडीत ग्रे कापडाचा धंदा करणाऱ्या एका परिचिताने करात सोय व्हावी म्हणून बायकोला फर्ममध्ये भागीदार केले होते. आपल्या लाइनीत हे घरोघरी आहे. दोघांचे जमले नाही. आम्ही तिघे पंच बसलो, मेहेर दिला, दागिने मोजून दिले, शंभराच्या मुद्रांकावर मुबारात लिहिली. सगळे खूश. फर्मचा विषय कोणालाच सुचला नाही, आम्हांलाही नाही, आणि आम्ही तर तीस वर्षे भागीदारीचे दस्त वाचत आलो आहोत.

अडीच वर्षांनी माहेरी राहणाऱ्या त्या बाईंना सुताच्या व्यापाऱ्याच्या वकिलाची नोटीस आली, चार लाखांची. उधारी निकाह तुटल्यानंतरची होती, पण भागीदारांत त्यांचे नाव पाहून व्यापाऱ्याने माल दिला होता. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे भागीदार बाहेर पडल्याची जाहीर सूचना द्यावी लागते. ती राजपत्रात आणि जिल्ह्यात चालणाऱ्या स्थानिक भाषेच्या एखाद्या वृत्तपत्रात द्यायची असते, आणि फर्म नोंदलेली असेल तर निबंधकाकडेही कळवायचे असते. सूचना नसेल तर बाहेरच्या लोकांसाठी ती व्यक्ती भागीदारच राहते. जुन्या उधारीतून सुटायचे तर देणेकऱ्यांशी वेगळा करार करावा लागतो. कॅश क्रेडिटला जामीन असेल तर बँकेकडून सुटकेचे पत्र वेगळे घ्यावे लागते.

बाईंचे भाऊ आमच्याकडे आले आणि एवढेच म्हणाले, “चाचा, तुम्ही तर होता ना तिथे.” व्यापाऱ्याशी बोलून हप्ते बांधून घेतले. पहिले तीन हप्ते आम्ही पंचांनी भरले, बाकीचे त्या परिचिताकडून वसूल करायला आम्हांला चौदा महिने लागले. जाहीर सूचना त्याच आठवड्यात छापून आणली. खर्च काही हजारांत आटोपला.