बोली मोडली, तर फीचा भुर्दंड कुणाला?

लिलाव आपल्याला नवा नाही. आंब्याची बाग असो, बाजार समितीतला कांदा असो की कोर्टाने विक्रीस काढलेली जमीन असो. 'एकवार, दोनवार, तीनवार' झाले की सौदा ठरला, हे शाळकरी पोरही जाणते. आता हा लिलाव मोबाईलवर आला आहे. तेथे बोली बोलणाऱ्याचे तोंड दिसत नाही, त्यामुळे शब्द फिरवणे त्याला सोपे जाते.

समजा, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामधल्या चिखलोलीतील एका कारागिराने आपला जुना लेथ ऑनलाइन लिलावात मांडला. ४०,००० रुपयांना बोली सुटली. लिलाव चालवणाऱ्या कंपनीने दहा टक्के, म्हणजे ४,००० रुपये फी त्याच्या नावे टाकली. घेणारा मात्र फिरकलाच नाही! लेथ दारातच, पैसा नाही आणि वर फीचे बिल. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

अशा वेळी दोन हिशेब वेगवेगळे मांडावेत.

पहिला हिशेब कंपनीशी. फी बहुधा दोन प्रकारची असते : माल मांडण्याची आणि विक्री झाल्यावर किमतीवर आकारलेली. पहिली सहसा परत मिळत नाही. दुसरी मात्र विक्रीच झाली नाही म्हणून मागता येते. ईबे या कंपनीची रीत पाहा. तिची भारतातली बाजारपेठ २०१८ मध्ये बंद झाली, पण परदेशी माल पाठवणारे आपले विक्रेते तिच्यावर आजही आहेत. तेथे घेणाऱ्याने चार दिवसांत पैसे भरले नाहीत, तर 'पैसे आले नाहीत' असे कारण देऊन विक्रेत्याने सौदा रद्द करायचा. मग विक्रीवरची फी त्याच्या खाती जमा होते. रद्द करण्याची मुदत असते. गप्प बसला, त्याची फी बुडाली. प्रत्येक कंपनीचे नियम निराळे, म्हणून माल मांडण्याआधीच ते वाचावेत. फीवर जीएसटी लागला असेल, तर त्या रकमेचीही क्रेडिट नोट मागावी.

दुसरा हिशेब बोली मोडणाऱ्याशी. १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम ६४ सांगते की, हातोडा पडल्यावर किंवा इतर रूढ रीतीने लिलाव संपल्याचे जाहीर झाल्यावर विक्री पुरी होते. तोवर बोली मागे घेता येते, नंतर नाही. कलम ५४ प्रमाणे, माल ताब्यात असलेल्या विक्रेत्याने फेरविक्रीची नोटीस द्यावी आणि वाजवी मुदतीत पैसे न आल्यास माल दुसऱ्याला विकावा. आपला लेथ दुसऱ्यांदा ३४,००० ला गेला, तर ६,००० रुपयांची तूट पहिल्याकडून मागता येते. मात्र नाशवंत माल सोडता नोटीस दिली नसेल, तर भरपाईचा हक्क जातो.

कोर्टाच्या लिलावात तर जमीन घेणाऱ्याला २५ टक्के रक्कम जागेवर आणि उरलेली पंधरा दिवसांत भरावी लागते. चुकला, तर फेरलिलावातली तूट आणि खर्च त्याच्याच माथी. तत्त्व सरळ आहे : शब्द ज्याने मोडला, तोटा त्याने सोसावा.

म्हणाल, चार हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? खरे आहे. म्हणूनच कंपनी परवानगी देत असेल तेथे आधी अनामत घ्यावी, बोलीचा आणि संदेशांचा कागद छापून ठेवावा आणि मुदत टळण्यापूर्वी लेखी तक्रार करावी. शिक्षकांनी हे दोन हिशेब वर्गात फळ्यावर मांडून दाखवावेत. घरी जाऊन मुलेच वडिलांना मुदतीची आठवण करून देतील.