दप्तर आजच्या पाठीच्या मापाचे घ्या

गेल्या वर्षी जुलैतली गोष्ट. आमच्या बाह्यरुग्ण विभागात दुसरीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. खांदे दुखतात आणि शाळेतून घरी आल्यावर उजव्या हाताला मुंग्या येतात, अशी तक्रार होती. दोघे थेट शाळेतून आले होते, त्यामुळे दप्तर पाठीवरच होते. मागून पाहिले तर मुलगी दिसतच नव्हती. एक भलेमोठे निळे दप्तर आणि त्याखाली दोन पाय एवढेच दिसत होते.

तिला वजनकाट्यावर उभे केले. दप्तरासह २२ किलो ६०० ग्रॅम भरली. दप्तर उतरवून पुन्हा उभे केले, तर १८ किलो. म्हणजे दप्तर ४ किलो ६०० ग्रॅमचे, मुलीच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहूनही जास्त. पट्टे घसरत असल्यामुळे ती ते बहुतेक वेळ उजव्या खांद्यावरच अडकवत होती.

एवढे मोठे का घेतले, असे वडिलांना विचारले. ते म्हणाले, "साहेब, मुद्दामच घेतलं. मोठं अन् दणकट हाय, पाचवीपर्यंत बघायचं काम नाही. पेरणीच्या टायमाला दरवर्षी नवं कुठून आणायचं?"

त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. नांदेड-लातूरकडे जूनचा पंधरवडा कसा असतो, हे घरोघरी माहीत आहे. बियाणे, खत आणि शाळेची खरेदी हे तिन्ही खर्च एकदमच दारात येतात, आणि सोयाबीनचे पैसे तर दिवाळीनंतरच संपलेले असतात. अशा वेळी वस्तू टिकाऊ हवी, हे खरेच. पण टिकाऊ आणि मोठे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणवेश वाढत्या अंगाचा घेतला तर खालून दुमडून टाके घालता येतात. दप्तराला ती सोय नाही. ते पाठीपेक्षा मोठे असेल, तर त्याचा त्रास पहिल्याच दिवसापासून सुरू होतो.

काटा काय सांगतो?

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावे, असा सर्वसाधारण नियम आहे. मुंबई उच्च न्यायालयात या विषयावर याचिका दाखल झाल्यानंतर महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ मध्ये तसा निर्णयच काढला. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात इयत्तेनुसार आकडे दिले आहेत : पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो, सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो. बालवाडीच्या मुलांना तर दप्तरच नको, असे हे धोरण सांगते.

आता त्या मुलीचा हिशेब पाहा. १८ किलोच्या मुलीला १ किलो ८०० ग्रॅमचे दप्तर चालेल. आम्ही टेबलावर एकेक वस्तू काढून वजन केले. रिकामे दप्तर ९०० ग्रॅम, भरलेली स्टीलची बाटली १ किलो १०० ग्रॅम, डबा ४०० ग्रॅम, वह्या-पुस्तके १ किलो ८०० ग्रॅम, आणि कंपास, रंगपेटी, छत्री मिळून ४०० ग्रॅम. दप्तर आणि बाटली यांनीच मर्यादा ओलांडली होती. पुस्तकांची पाळी आलीच नव्हती. आपण सगळा दोष अभ्यासक्रमाला देतो, पण निम्म्याहून अधिक वजन घरून निघताना आपणच भरलेले असते.

पुस्तकांचा भार कमी करण्याचे प्रयत्न झालेले आहेत. यशपाल समितीने १९९३ मध्येच ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. बालभारतीने २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत विभागून दिली. त्यात वहीची कोरी पानेही घातली होती, ती पुढे बंद झाली. ही धोरणे बदलत राहतील. दप्तर कोणते घ्यायचे, हे मात्र आपल्या हातात आहे.

दप्तराने पाठ वाकडी होते का?

हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. खरे उत्तर असे, की दप्तरामुळे मणका कायमचा वाकडा होतो याला पुरावा नाही. २०१८ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये ६९ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. दप्तराचे वजन किंवा ते वापरण्याची पद्धत यांमुळे मुलांना पाठदुखी जडते, असे खात्रीने सांगता येईल इतका पुरावा त्यात आढळला नाही.

मग काळजी कशाला करायची? कारण ओझ्याचा त्या-त्या वेळी होणारा परिणाम डोळ्यांनी दिसतो. अमेरिकेत ८ मुलांच्या पाठीवर ४, ८ आणि १२ किलोची दप्तरे देऊन उभ्या स्थितीत एमआरआय काढण्यात आला. तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वजन वाढत गेले तसा मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब वाढला, कंबरेचा मणका एका बाजूला झुकू लागला आणि दुखणेही वाढत गेले. शिवाय अरुंद पट्टा खांद्यावर सतत रुतला, की मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब येतो. त्या मुलीच्या मुंग्यांचे कारण तेच होते. जड दप्तर घेतलेले मूल पुढे वाकून चालते, पायऱ्यांवर आणि चिखलात त्याचा तोल जातो. भीती नको, पण सात वर्षांच्या मुलाने रोज असे दुखणे सोसावे, याचेही काही कारण नाही.

माप घरीच घ्या

खरेदीला जाण्याआधी एक सुतळी घ्या. मुलाला ताठ उभे करून खांद्याच्या रेषेपासून कमरेपर्यंतचे अंतर मोजा आणि गाठ मारा. दप्तर या गाठीएवढे असावे; कमरेच्या खाली फार तर चार बोटे उतरले तर चालेल, मांड्यांवर आपटता कामा नये. दुसरी गाठ एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत मारा. दप्तराची रुंदी याहून जास्त नको. वरची कडा खांद्यांच्या वर आली, तर मुलाला मान मागे नेता येत नाही.

शक्य असेल तर मुलाला सोबत न्या. वजिराबाद असो की गंजगोलाई, जूनमध्ये दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, मूल रडते, म्हणून आपण एकटेच जातो आणि चित्र बघून दप्तर आणतो. बाजार उघडल्या उघडल्या गेलात तर गर्दी कमी असते. जाताना जुन्या इयत्तेची दोन-तीन पुस्तके आणि भरलेली बाटली पिशवीत टाकून न्या. ती नव्या दप्तरात घाला आणि मुलाला दुकानासमोर पन्नास पावले चालायला लावा. दप्तर पाठीला चिकटून राहिले पाहिजे. मूल पुढे झुकत असेल किंवा अंगठे पट्ट्याखाली घालून ते ओढत असेल, तर ते दप्तर ठेवून द्या.

पट्टे दोन असावेत, प्रत्येक किमान दोन इंच रुंद आणि आत फोमची गादी असलेला. लांबी कमी-जास्त करणारे बक्कल ओढून पाहा. ते आपोआप सैल होत असेल तर उपयोग नाही. पाठीच्या बाजूलाही गादी हवी, नाहीतर कंपासचा कोपरा टोचत राहतो. छातीवर दोन्ही पट्टे जोडणारी लहान पट्टी असेल तर उत्तम. अरुंद खांद्यांवरून पट्टे घसरत नाहीत. आणि रिकामे दप्तर हातात धरून पाहा. लहान मुलासाठी ते अर्ध्या किलोच्या आसपास असावे.

चाकांच्या दप्तराने प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. पण चाके आणि दांडा यांचेच वजन मोठे असते. पायऱ्या आल्या की ते उचलावेच लागते आणि पावसाळ्यातल्या आपल्या रस्त्यांवर चाके चिखलाने भरतात. केंद्राचे धोरणही पायऱ्यांवर इजा होण्याच्या शक्यतेमुळे त्याला नकारच देते.

टिकाऊपणा शिलाईत असतो

जाड कापड म्हणजे दणकट दप्तर, हा समज चुकीचा आहे. दप्तराचे कापड क्वचितच फाटते. आधी निघतात ते पट्टे, मग चेन आणि मग तळ. त्यामुळे तपासायच्या जागाही याच तीन.

पट्टा जिथे दप्तराला जोडला आहे, तिथे एकच सरळ शिलाई असेल तर ती सहा महिन्यांत उसवते. चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई असेल, तर ताण सगळीकडे वाटला जातो. दोन्ही हातांनी ओढून पाहा. टाक्यांमध्ये भोके उघडी पडायला नकोत. दप्तर आतून उलटून बघा. आतल्या कडांवर पट्टी लावून शिवलेले असेल तर दोरे निघत नाहीत. तळाला दुहेरी कापड हवे, कारण दप्तर दिवसभर फरशीवर असते.

चेन दहा वेळा उघडा-लावा, विशेषतः कोपऱ्यावर. अडखळणारी चेन दुकानातच ओळखू येते. मुख्य कप्प्याला दोन रनर असले तर एक बिघडला तरी काम चालते. मुलाला ती स्वतः लावता आली पाहिजे, नाहीतर दप्तर अर्धे उघडेच राहील. लेबलवर '६०० डी' असे काही लिहिलेले असते. डी म्हणजे डेनियर, म्हणजे ९ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. आकडा मोठा तितका धागा जाड आणि दप्तर जड. लहान मुलाच्या दोन किलोंसाठी ६०० पुरेसा आहे. 'वॉटरप्रूफ' या शब्दावर मात्र विसंबू नका. पाणी शिलाईतून शिरते. पावसाळ्यात पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

दप्तरे फाटण्याचे आणखी एक कारण आपल्या डोळ्यांसमोर असते : शाळेच्या ऑटोला बाहेरून लटकवलेली दप्तरे. सगळा भार एका पट्ट्यावर येतो आणि प्रत्येक खड्ड्याला हिसका बसतो. ऑटोवाल्या काकांना दप्तरे आत किंवा टपावरच्या जाळीत ठेवायला सांगा. आणि चेन बिघडली म्हणून दप्तर टाकू नका. बऱ्याचदा फक्त रनर झिजलेला असतो. चेन दुरुस्त करणारा तो थोड्या पैशांत बदलून देतो.

भरणे आणि पाणी

जड पुस्तके पाठीला लागून, हलक्या वस्तू पुढे. रोज रात्री वेळापत्रक बघून मुलाबरोबर दप्तर भरा आणि रविवारी पूर्ण रिकामे करा. तळाशी जुन्या वह्या आणि गोळा केलेले दगड निघतात. पाण्याबाबत मात्र सावध सल्ला देतो. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात मुलाला पाण्याशिवाय पाठवा, असे मी सांगणार नाही. पण अर्धा लिटरची हलकी बाटली पाठवून ती शाळेत पुन्हा भरता येते. त्यासाठी शाळेत स्वच्छ पाणी आहे का, हे पालकसभेत विचारा. त्या एका प्रश्नाने प्रत्येक मुलाच्या पाठीवरचे अर्धा किलो कमी होऊ शकते.

दप्तराला दोष देण्याआधी

दप्तर हलके करूनही दोन आठवडे पाठ दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, वजन घटणे, लंगडणे, पायांत अशक्तपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणे किंवा पाठीवर उंचवटा यांपैकी काही दिसले तर दोन आठवडेही थांबू नका. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग मुलांनाही होतो आणि 'दप्तरामुळे दुखत असेल' म्हणत वेळ गेला तर पाय लुळे पडण्याची वेळ येते. एक खांदा वर दिसत असेल तर मुलाला पुढे वाकवून मागून पाहा. पाठीची एक बाजू उचललेली दिसली तर तपासणी हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्यांनाही हे सांगता येईल.

त्या मुलीला औषध द्यावे लागले नाही. वडिलांनी जिल्ह्याच्या बाजारातून लहान, हलके, फुलीच्या शिलाईचे दप्तर घेतले, तेही पहिल्यापेक्षा बरेच स्वस्तात. स्टीलची बाटली घरी राहिली. दोन आठवड्यांनी ती पुन्हा आली तेव्हा मुंग्या थांबल्या होत्या. मोठ्या दप्तराचे काय केले, असे विचारल्यावर वडील हसले. ते आठवीतल्या थोरल्या भावाकडे गेले होते आणि त्याच्या पाठीला अगदी बरोबर बसले होते.