स्टॅनली चषक प्लेऑफ

स्टॅनली चषक प्लेऑफ ही नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगची हंगामाच्या अखेरीस होणारी बाद फेरीची स्पर्धा आहे. लीगमध्ये अमेरिकेतील २५ आणि कॅनडातील ७ असे एकूण ३२ संघ असून त्यांपैकी १६ संघ या स्पर्धेस पात्र ठरतात. स्पर्धा साधारणतः एप्रिलच्या उत्तरार्धात सुरू होते आणि जूनमध्ये संपते. चारही फेऱ्या जिंकणाऱ्या संघास स्टॅनली चषक प्रदान केला जातो.

इतिहास

कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांनी हा चषक १८९२ मध्ये देऊ केला आणि १८९३ मध्ये तो प्रथमच प्रदान करण्यात आला. एनएचएलची स्थापना त्यानंतर, १९१७ मध्ये झाली. सुरुवातीस अन्य लीगमधील संघही चषकासाठी खेळत असत. १९२६-२७ च्या हंगामापासून मात्र तो केवळ एनएचएलमधील संघांनी जिंकला आहे. १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे अंतिम मालिका अर्धवट सोडावी लागली, तर संघमालक व खेळाडू यांच्यातील आर्थिक वादामुळे २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. या दोन्ही वेळी चषक कोणालाही दिला गेला नाही. कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० ची स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टोरँटो व एडमंटन या दोन शहरांत प्रेक्षकांविना खेळवण्यात आली.

पात्रता

लीगचे पूर्व व पश्चिम असे दोन गट असून प्रत्येक गटात दोन विभाग आहेत. पूर्व गटात अटलांटिक व मेट्रोपॉलिटन, तर पश्चिम गटात सेंट्रल व पॅसिफिक हे विभाग येतात. नियमित हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल असा चालतो. १९९५-९६ पासून काही अपवादात्मक वर्षे वगळता त्यात प्रत्येक संघ ८२ सामने खेळत आला आहे. विजयास दोन गुण मिळतात. जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये पराभूत झालेल्या संघास एक गुण मिळतो, तर निर्धारित वेळेतील पराभवास गुण नसतो.

सध्याची पात्रता पद्धत २०१३-१४ च्या हंगामापासून अमलात आहे. प्रत्येक विभागातील पहिले तीन संघ थेट पात्र ठरतात. उरलेल्या संघांपैकी प्रत्येक गटात सर्वाधिक गुण असलेल्या दोन संघांना प्रवेश मिळतो. त्यांना ‘वाइल्ड कार्ड’ संघ म्हणतात. अशा रीतीने प्रत्येक गटातून आठ संघ निवडले जातात.

फेऱ्यांची रचना

पहिल्या फेरीत गटातील सर्वोत्तम विभागविजेता कमी गुणांच्या वाइल्ड कार्ड संघाशी, तर दुसरा विभागविजेता उरलेल्या वाइल्ड कार्ड संघाशी खेळतो. प्रत्येक विभागातील दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाचे संघ परस्परांशी खेळतात. दुसऱ्या फेरीनंतर गटाची अंतिम फेरी होते आणि दोन्ही गटांचे विजेते स्टॅनली चषकाच्या अंतिम मालिकेत आमनेसामने येतात. पहिल्या फेरीनंतर क्रमवारी नव्याने लावली जात नाही. कोणाचा विजेता कोणाशी खेळणार हे आधीच ठरलेले असते.

१९८७ पासून चारही फेऱ्यांत सात सामन्यांच्या मालिका खेळवल्या जातात. प्रथम चार सामने जिंकणारा संघ पुढे जातो आणि उरलेले सामने होत नाहीत. म्हणजेच विजेतेपदासाठी १६ विजय आवश्यक असून त्यासाठी किमान १६ आणि कमाल २८ सामने खेळावे लागतात. संपूर्ण स्पर्धेत १५ मालिका असल्याने एकूण सामन्यांची संख्या ६० ते १०५ यांदरम्यान असू शकते.

वेळापत्रक

मालिकेतील पहिला, दुसरा, पाचवा व सातवा सामना वरचे मानांकन असलेल्या संघाच्या घरच्या मैदानावर, तर तिसरा, चौथा व सहावा सामना प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर होतो. सामने बहुधा एक दिवसाआड असतात. अनेक शहरांत हॉकीचे बंदिस्त मैदान बास्केटबॉल संघही वापरतो, त्यामुळे तारखा ठरवताना त्याचाही विचार करावा लागतो. पाचवा ते सातवा हे सामने वेळापत्रकात ‘आवश्यकता भासल्यास’ या अटीवर दाखवले जातात.

जादा वेळ

नियमित हंगामात बरोबरी सुटावी म्हणून प्रत्येकी तीन खेळाडूंसह पाच मिनिटांचा जादा वेळ आणि नंतर शूटआउट असतो. प्लेऑफमध्ये शूटआउट नसतो. गोलरक्षकाव्यतिरिक्त प्रत्येकी पाच खेळाडूंसह २० मिनिटांची सत्रे गोल होईपर्यंत खेळली जातात आणि पहिला गोल होताच सामना संपतो. मार्च १९३६ मध्ये डेट्रॉइट रेड विंग्ज व माँट्रियल मरून्स यांच्यातील सामना जादा वेळेच्या सहाव्या सत्रापर्यंत चालला; डेट्रॉइटने तो १-० असा जिंकला. एनएचएलच्या इतिहासातील हा सर्वांत लांबलेला सामना होय.

रचनेचे परिणाम

नियमित हंगामातील गुण प्लेऑफमध्ये पुढे नेले जात नाहीत. ८२ सामन्यांत सरस ठरलेल्या संघाला मिळणारा लाभ मुख्यतः दोन गोष्टींपुरता मर्यादित असतो: कागदावर दुबळा वाटणारा प्रतिस्पर्धी आणि निर्णायक सातवा सामना घरच्या मैदानावर. २०२२-२३ मध्ये बॉस्टन ब्रुइन्सने ६५ विजय व १३५ गुण असे दोन्ही विक्रम केले, परंतु पहिल्याच फेरीत फ्लोरिडा पँथर्सने त्यांना सात सामन्यांत पराभूत केले. याउलट २०१२ मध्ये पश्चिम गटात आठव्या स्थानी राहिलेल्या लॉस एंजेलिस किंग्जने चषक जिंकला.

विभागनिहाय रचनेमुळे बलाढ्य संघ लवकर समोरासमोर येतात, हा या पद्धतीवरील प्रमुख आक्षेप आहे. २०१७ मध्ये लीगमध्ये पहिला आलेला वॉशिंग्टन कॅपिटल्स व दुसरा आलेला पिट्सबर्ग पेंग्विन्स एकाच विभागात असल्याने त्यांची गाठ दुसऱ्याच फेरीत पडली. पिट्सबर्गने ती मालिका सात सामन्यांत जिंकली आणि पुढे चषकही मिळवला. शेजारी शहरांतील जुनी वैरे वारंवार रंगतात, हे या पद्धतीच्या बाजूने सांगितले जाते.

पुरस्कार

पूर्व गटाच्या विजेत्यास प्रिन्स ऑफ वेल्स करंडक व पश्चिम गटाच्या विजेत्यास क्लॅरन्स कॅम्पबेल बोल दिला जातो. स्पर्धेतील सर्वांत मोलाची कामगिरी करणाऱ्या खेळाडूस १९६५ पासून कॉन स्माइद करंडक देण्यात येतो. तो पराभूत संघातील खेळाडूसही मिळू शकतो. माँट्रियल कॅनेडियन्सने सर्वाधिक २४ वेळा स्टॅनली चषक जिंकला आहे.