न्यायासनासमोरची दोन माणसे

इतिहास राजेरजवाड्यांच्या दप्तरात असतो, असे आपल्याला शाळेत शिकविले गेले. जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय चित्रकाराने तो रेल्वेच्या फलाटावर शोधला.

लॉरेन्स यांचा जन्म 1917 सालचा. अमेरिकेच्या दक्षिणेतून पोटासाठी आणि मानासाठी उत्तरेकडे निघालेल्या लाखो कृष्णवर्णीयांपैकी त्यांचे आईवडील. तेराव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. वस्तीतल्याच कलावर्गात शिकले, वस्तीतल्याच वाचनालयात बसून आपल्या समाजाचा इतिहास वाचला. गुलामांच्या बंडाचा नेता तुसाँ लुव्हर्त्यूर, गुलामांना पळवून नेऊन मुक्त करणारी हॅरिएट टबमन यांच्यावर त्यांनी चित्रमालिका केल्या. आणि 1940-41 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, या स्थलांतरावर 60 चित्रे रंगविली. प्रत्येक चित्र जेमतेम 18 बाय 12 इंचाचे, साध्या हार्डबोर्डवरचे, खाली एकदोन वाक्यांची ओळ. आज या मालिकेची सम क्रमांकाची चित्रे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत, तर विषम क्रमांकाची वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात.

वकील म्हणून आम्ही चौदाव्या चित्रापाशी थांबतो. उंच आसनावरून खाली पाहणारा गोरा न्यायाधीश आणि त्याच्यासमोर उभी दोन कृष्णवर्णीय माणसे. कोर्टात न्याय मिळत नाही, हेही गाव सोडण्याचे एक कारण होते, असे लॉरेन्स सांगतात. पुढचे चित्र झुंडीने दिलेल्या फाशीचे. त्यात प्रेत नाही. आहे ती रिकामी फांदी, फास आणि खाली गुडघ्यात मान घालून बसलेले एक माणूस. अत्याचाराचे प्रदर्शन न मांडता अत्याचार दाखविणे यालाच म्हणतात. उत्तरेत स्वर्ग मिळाला, असेही ते म्हणत नाहीत. एका चित्रात खाणावळीतही गोरे एकीकडे, काळे दुसरीकडे. मात्र शेवटाकडे फळ्यावर आकडे लिहिणाऱ्या मुली दिसतात. शिक्षणाचे दार उघडले होते.

बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात हार्लेमशेजारच्याच कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हे स्थलांतर तेव्हा नुकतेच वेग घेत होते. 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. 1972 मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नावही तिकडूनच घेतले. नाते जुने आहे.

म्हणून प्रश्न आपल्यालाच आहे. गावकीची कामे झुगारून शहराची वाट धरणारी आपली पिढी एकेक करून निघून चालली आहे. आम्ही पुतळे उभारले, मिरवणुका काढल्या, ते योग्यच केले. पण त्या आज्यांना कोणी विचारले का, की गाव सोडताना गाठोड्यात काय बांधले होते? हार्डबोर्डचा तुकडा आजही महाग नाही. त्या हयात आहेत तोवर त्यांच्यासमोर बसा, ऐका, लिहून ठेवा, चित्रे काढा. आपला इतिहास दुसरा कोणी लिहिणार नाही, आणि लिहिलाच तर आपल्याला न्यायासनासमोरच उभे करील.

जय भीम!